घोरणाऱ्या घशाला कानमंत्र देऊन काय होणार?

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. ‘संमोहन म्हणजे गाढ झोपच. 1 तास संमोहन, 8 तासांची झोप. 3 बैठकांत निद्रानाश, घोरणं, झोपेत चालणं कायमचं बंद. गोळ्या आजच फेका. परदेशी संशोधनात गाढ झोप 80 टक्क्यांनी वाढली.’ महापेला रात्रपाळी करणाऱ्या माझ्या भाच्यानंही तो पुढे ढकलला, म्हणून लिहितोय.

संमोहन म्हणजे झोप, हा घोळ नावातच आहे. हिप्नॉस ही ग्रीकांची निद्रादेवता. 1840च्या दशकात स्कॉटिश डॉक्टर जेम्स ब्रेडनं ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केलं आणि पुढे त्याला स्वतःलाच ते खटकायला लागलं. संमोहनात मेंदूच्या लहरी झोपेतल्यासारख्या नाही, जागेपणासारख्याच दिसतात. रात्रपाळीची उधारी त्यातून फिटत नाही.

80 टक्क्यांचा आकडा मात्र हवेतला नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या स्विस प्रयोगात तरुणींना दुपारच्या झोपेआधी सूचनांची ध्वनिफीत ऐकवली होती. ज्या सहज संमोहित होतात, त्यांचीच गाढ झोप तेवढी वाढली. शिवाय त्या सगळ्या निरोगी होत्या. आजार नसलेल्यांवरचा प्रयोग आजार बरा झाल्याचा पुरावा कसा?

झोपेत चालण्याबाबत काही रुग्णांना संमोहनानं फायदा झाल्याच्या नोंदी आहेत. थोड्याच, पण आहेत. ‘कायमचं’ हा शब्द त्यात नाही.

खरा संताप आला तो घोरण्यावर. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट अरुंद होते, तिथं थरथर होते, ते घोरणं. स्लीप ॲप्निया या आजारात ती वाट बंदच होते. 10 सेकंद, कधी त्याहून जास्त श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागं करतो, रात्रभर हेच. रात्री घोरून दिवसा ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याउभ्या पेंगणाऱ्याला स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी लागते, गरज पडली तर मास्कमधून हवेचा दाब देऊन ती वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन. घशाला मराठी कळत नाही.

आणि गोळ्या! वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी एकदम तोडली की झोप आणखी उडते, काही गोळ्यांत तर फिट येऊ शकते. ती डॉक्टरच हळूहळू उतरवतात. जुन्या निद्रानाशाला आधी सीबीटी, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धत द्या, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेनं 2016 मध्ये सांगितलं. उठायची वेळ ठरलेली, झोप येत नसेल तर गादी सोडायची. कंटाळवाणं आहे, फॉरवर्ड होण्यासारखं नाही.

भाच्याला फोन लावला. “घोरतोस का रे?” “छे, मामा!” मागून सूनबाई खो-खो हसली. शुक्रवारी त्याची स्लीप स्टडी आहे.