२१ दिवसांत कायमचा आनंद? खुलासा

‘रोज १० चांगल्या गोष्टी लिहा, २१ दिवसांत आनंद कायमचा’ हा संदेश कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. २१ चा आकडा प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० मधल्या निरीक्षणातला: नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान इतके दिवस लागत. ‘किमान’ गळालं, आकडा उरला. लंडनमधल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागले.

लिहिण्याचा उपयोग होतो, पण रोज १० ओळी म्हणजे पाढेच. चौथ्या दिवशी ‘घर, तब्येत, मुलं’ हेच उतरतं आणि मन त्याला सरावतं. आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, ३ ते ५ ओळी पुरे. ‘मित्र चांगले आहेत’ नको. ‘गंगावेशीत दूध पिताना त्यानं माझं अर्धा तास ऐकून घेतलं’ असं नेमकं लिहा. जमल्यास त्या माणसाला सांगाही, परिणाम तिथेच जास्त दिसतो.

दोन आठवडे झोप, भूक, उत्साह गेलेला असेल तर वही पुरणार नाही. डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.