पायजम्याला लटकलेलं कुत्रं सत्ता मागत नसतं

चार जणांनी, चार वेगवेगळ्या दिवशी, मला एकच मेसेज पाठवला. वर प्रत्येकाने लिहिलं होतं, "चिंगीसाठी". चिंगी म्हणजे आमची सहा किलोची टेरियर-मिश्र कुत्री. तिचं आणि माझ्या पायजम्यांचं वैर ओळखीपाळखीत सगळ्यांना ठाऊक आहे. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: छोटं कुत्रं चालत्या माणसाचे कपडे ओढतं ते घरात वर्चस्व बसवायला. तिथल्या तिथे त्याला उताणं पाडा आणि शांत होईपर्यंत दाबून धरा. कपड्यांना कडू स्प्रे मारा. पिल्लू असेल तर दात बदलले की खोड जाते. मोठं असेल तर नाद सोडा, छोट्या जाती हट्टीच असतात.

यातली दातांची गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीच्यातलं काहीच मला पटत नाही.

आधी ते वर्चस्व. ही कल्पना लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधल्या बासलच्या प्राणिसंग्रहालयातल्या, म्हणजे कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास 1947 साली छापला. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेच यांच्या 1970च्या पुस्तकाने 'अल्फा', म्हणजे इतरांवर वर्चस्व बसवून झालेला कळपाचा म्होरक्या, हा शब्द सगळीकडे पोचवला. पुढे मेच यांनी कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे कित्येक उन्हाळे जवळून पाहिले आणि 1999 मध्ये स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. ज्याने शब्द पसरवला त्यानेच तो मागे घेतला, फॉरवर्ड करणाऱ्यांपर्यंत मात्र ही बातमी अजून गेलेली नाही. आणि हे सगळं लांडग्यांचं. आपल्या पायाशी आहे ते कुत्रं.

एक साधी गोष्ट करून बघा. तोच पायजमा खुर्चीवर टाका. चिंगी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. मी तो घालून उभी राहिले तरी नाही. पण चालायला लागले, पायचा फडफडला, की ती पुढचे पाय जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून दबा धरते आणि झेप घेते. कड दातात आली की डोळे अर्धे मिटून मान झटकते आणि बारीक आवाजात गुरगुरते. टेरियर उंदीर-घुशी मारायला पाळली जायची. कॉर्गी गुरांच्या टाचांना चावून ती हाकायची. जमिनीलगत काहीतरी लुटुलुटु पळतंय म्हटल्यावर यांच्या अंगात काय येणार? त्यात उंची अशी, की आपल्या पायच्याची कड यांच्या नेमकी डोळ्यांसमोर. आपण पाय झटकतो, "ए, सोड!" म्हणून किंचाळतो, कापड आपल्याकडे ओढतो. कुत्र्याच्या भाषेत याला रस्सीखेच म्हणतात, आणि ती आपणच खेळत असतो.

आता उताणं पाडणं. या मुद्द्यावर मला राग येतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2009 साली कुत्र्यांच्या मालकांची एक पाहणी प्रसिद्ध केली. उताणं पाडून दाबलेल्यांपैकी 31 टक्के कुत्री उलट अंगावर आली होती. तोंडातली वस्तू जबरदस्तीने काढल्यावर 39 टक्के, मारल्यावर 43. ही कुत्री वर्तनाच्या तक्रारी घेऊनच दवाखान्यात आली होती, त्यामुळे हे आकडे सरसकट सगळ्यांना लावू नयेत. पण तक्रार असते म्हणूनच तर माणूस हा मेसेज वाचतो ना? "पण ते शांत होतं" असं सांगणारे भेटतात. नीट बघा: कान मागे चिकटलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, ओठ चाटणं चाललंय. ते घाबरून थिजलेलं असतं. माणसाचा हात मानेशी आला की काहीतरी वाईट होतं, एवढंच ते शिकतं. उद्या त्याच मानेला पट्टा बांधायचाय.

स्प्रेबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. मजा पळण्यात आणि ओढण्यात आहे, चवीत नाही. शिवाय घरातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक कपड्याला स्प्रे कोण मारत बसणार?

दातांचं मात्र ऐकून घेण्यासारखं आहे. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे 42 येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात, पिल्लू दिसेल ते चावतं, आणि ते चावणं पुढे खरंच कमी होतं. पण पायच्यामागे धावणं हा हिरड्यांचा मामला नाही. तीन महिने रोज सराव झालेला खेळ दातांबरोबर कसा पडेल? चिंगी दोन वर्षांची आहे.

राहिला हट्टीपणा. व्हिएन्नातल्या संशोधकांनी 2010 मध्ये छोट्या आणि मोठ्या कुत्र्यांच्या मालकांची तुलना मांडली, त्यात छोट्यांचे मालक वागण्यात जास्त धरसोड करणारे दिसले. मी ते वाचलं आणि आमचं घर आठवलं. चिंगीने मला धरलं की मी ओरडायचे. मामंजींना धरलं की ते हसायचे, "बघा बघा, वाघीण!" मुलगा तर तिला कापडासकट फरशीवरून घसरवत न्यायचा. मोठं कुत्रं असतं तर असलं चाललं असतं का?

मग आम्ही ठरवलं. तिने धरलं की जागच्या जागी थांबायचं, कापड सैल सोडायचं, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. सोडलं की लगेच शाबासकी आणि चालायला सुरुवात. 'सोड' हा शब्द आधी वेगळा, खेळण्यावर शिकवला: दोरी सोडली की खाऊ, आणि दोरी परत. निघण्यापूर्वी ती दोरी माझ्या हातात असायची, म्हणजे दातांना पायच्याआधी काम मिळायचं. नीट चालली तर दर दोन-चार पावलांना गुडघ्याशी एक दाणा. फारच पेटली तर मी दाराआड, वीस-तीस सेकंद, न बोलता. संध्याकाळी आठच्या सुमाराला ती हमखास पिसाळल्यासारखी करायची. तिला झोप आलेली असायची, हे कळायला मला लाजिरवाणा वेळ लागला.

पाचव्या दिवशी प्रकार वाढला. नेहमीची गंमत मिळेना म्हणून तिने दुप्पट जोर लावला आणि पायजमा टरकन फाटला. इथेच बहुतेक लोक "उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. तेव्हा पाय झटकला असता तर जास्त ओढलं की जमतं, हे तिला पक्कं कळलं असतं. तीन आठवड्यांत नव्वद टक्के थांबलं.

एक अपवाद सांगते. अंग ताठ, नजर रोखलेली, दात कातडीपर्यंत जातायत, किंवा आजवर शांत असलेलं मोठं कुत्रं अचानक असं करतंय, तर तो खेळ नाही. कुठे दुखतंय का, ते आधी पशुवैद्याकडून बघून घ्या. कातडी फुटली असेल तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

परवा मेसेज पाठवणाऱ्यांतलीच एक मैत्रीण घोळदार स्कर्ट घालून आली. ती बेल वाजवायच्या आधीच मी चिंगीच्या हार्नेसला पट्टा लावून ठेवला होता. नव्वद टक्क्यांवर माझा विश्वास आहे, पण तो स्कर्ट उरलेल्या दहामधला होता.