तिसऱ्या चोरीची शिक्षा आणि पहिल्या चोरीची दखल

नमस्कार,

कॅलिफोर्नियातल्या चोरीविषयक कायद्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात राग आहे आणि तो खरा आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही. बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमचे मेहुणे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ईस्ट बेमध्ये लिकर स्टोअर, म्हणजे दारूचं दुकान, चालवतात. तिथे दर थोड्या दिवसांनी कुणीतरी माल उचलतं आणि सरळ दारातून निघून जातं. पोलिसांना कळवलं की रिपोर्ट नंबर मिळतो, पुढे काहीच होत नाही. तुमच्या मते २०१४ मध्ये मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या प्रस्ताव ४७ ने ९५० डॉलरपर्यंतची चोरी माफ करून टाकली, चोरांना पाठीशी घालणारे डीए, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणारे सरकारी वकील, निवडून आले, आणि माझ्यासारखी शिकलेली माणसं चोराच्या परिस्थितीवर पानंच्या पानं लिहितात पण दुकानदाराचं नावही काढत नाहीत. २०२४ मध्ये मतदारांनी शिक्षा पुन्हा कडक करणारा प्रस्ताव ३६ मंजूर करून सगळ्यांना उत्तर दिलं आहे, तेव्हा आता आम्ही गप्प बसावं. शेवटी तुम्ही विचारलंय की मी ३६ ला मत दिलं का. त्याचं उत्तर देतोच, पण आधी दुकानदाराबद्दल बोलू.

छोट्या दुकानात एक बाटली गेली की तिची नुसती किंमत जात नाही. त्या बाटलीवर सुटणारे दोन-तीन डॉलर धरले तर तेवढं नुकसान भरून काढायला आणखी कितीतरी बाटल्या विकाव्या लागतात. विमा असतो, पण त्यातली डिडक्टिबलची, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायची, रक्कम एकेका चोरीपेक्षा इतकी मोठी असते की क्लेम करण्यात अर्थ नसतो, आणि वारंवार केला तर हप्ता वाढतो. शिवाय काउंटरवर रात्री एकटं उभं राहणाऱ्या माणसाच्या मनावर याचा जो ताण येतो, तो कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. 'शेवटी वस्तूच तर गेली, माणसापेक्षा वस्तू मोठी का?' असं सुधारणावादी मंडळी बोलतात तेव्हा मला त्यांचा मनापासून राग येतो. त्या वस्तूत कुणाचे तरी दिवसाचे चौदा तास असतात. मोठ्या साखळी दुकानांना शाम्पू आणि रेझर काचेच्या कुलुपात ठेवणं परवडतं. गिऱ्हाइकाने बटण दाबायचं आणि किल्लीवाला येईपर्यंत थांबायचं. तुमच्या मेहुण्यांनी सगळा माल कुलपात ठेवला तर दार उघडायचं कुणासाठी?

म्हणून ज्या डीएंनी चोरीचे काही प्रकार सरसकट सोडून द्यायचं जाहीर केलं, त्यांचं मी समर्थन करत नाही. टेक्ससमधल्या डॅलसचे डीए जॉन क्रूझो यांनी २०१९ मध्ये जाहीर केलं होतं की १०० ते ७५० डॉलरपर्यंतच्या गरजेच्या वस्तूंच्या चोरीवर, ती पैसे कमावण्यासाठी केलेली नसेल तर, खटला भरणार नाही. हेतू उपाशी माणसाला तुरुंगात न टाकण्याचा होता, पण दुकानदाराला त्यातून एवढंच कळलं की आपली तक्रार कुणाच्या खिजगणतीत नाही. पुढे त्यांनी ते धोरण मागे घेतलं. उपाशी माणसाला सोडून द्यायला हरकत नव्हती. ते एकेका केसमध्ये, समोर बसवून, त्याचं ऐकून करता येतं. आधीच आकडा जाहीर करून केलं की दुकानदाराला त्यात जागाच उरत नाही.

आता ९५० डॉलरचा मुद्दा. तेवढी चोरी कॅलिफोर्नियात कधीच माफ नव्हती. चोरी किरकोळ गुन्हा की फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, हे ठरवणारी ९५० ची मर्यादा प्रस्ताव ४७ च्या आधी, २०११ पासूनच लागू होती. त्याआधी ती ४०० होती. ४७ ने एवढं केलं की दुकान उघडं असताना केलेली त्याखालची चोरी जवळपास नेहमीच किरकोळ गुन्हा, म्हणजे मिसडिमिनर, धरली जाऊ लागली. त्याला सहा महिन्यांपर्यंत काउंटी जेल आणि १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. टेक्ससमध्ये चोरी फेलनी ठरायला २,५०० डॉलर लागतात आणि टेक्ससला कुणी चोरांचा लाडका म्हणत नाही. नुसत्या मर्यादेच्या आकड्यावर वाद घालण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

खरी गोम मिसडिमिनर या वर्गातच आहे, आणि ती टीव्हीवरच्या चर्चेत क्वचित येते. कॅलिफोर्नियात पोलिसाने साधारणपणे असा गुन्हा स्वतःच्या डोळ्यांदेखत घडला तरच जागेवर अटक करायची, असा जुना नियम आहे. फेलनीला ही अट नाही. म्हणजे दुकानातली चोरी किरकोळ गुन्ह्यात गेली त्या दिवसापासून पोलीस दारात आला, कॅमेऱ्याचं फुटेज पाहिलं, चोर कोपऱ्यावर उभा दिसला, तरी त्याला स्वतःहून बेड्या घालता येत नव्हत्या. अटक दुकानदाराने करायची. नागरिकाने केलेली अटक म्हणून कागदावर सही करायची, मग पोलीस त्या माणसाला ताब्यात घेणार आणि बहुतेक वेळा कोर्टाच्या तारखेची चिठ्ठी देऊन सोडून देणार. आता विचार करा, रोज त्याच गल्लीत दुकान उघडणारा माणूस, ज्याला समोरचा चेहरा ओळखतो, तो अशा कागदावर सही करेल? आणि साखळी दुकानांमध्ये कर्मचाऱ्यांना चोराला अडवायचं नाही अशी ताकीदच असते. तुमच्या मेहुण्यांना नुसता रिपोर्ट नंबर मिळत राहिला त्यामागे हे कारण बऱ्याच अंशी असणार. यात चोराबद्दलची दया कुठे आहे? हा कारभारातला आळस आहे, आणि त्याला उदारमतवादाचं नाव मिळालं याचं मला वाईट वाटतं.

४७ मुळे चोऱ्या वाढल्याच नाहीत असं मी म्हणत नाही. पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्निया या संस्थेने २०१८ मध्ये इतर राज्यांशी तुलना करून मांडलं की साध्या चोऱ्या ४७ नंतर सुमारे ९ टक्क्यांनी वाढल्या, आणि त्यात गाड्या फोडून केलेल्या चोऱ्यांचा वाटा मोठा होता. हा आकडा सुधारणावाद्यांनी झाकून ठेवू नये. पण त्याच संस्थेने २०२४ मध्ये पुन्हा अभ्यास केला तेव्हा बोट मुख्यतः दुसरीकडे दाखवलं: पोलिसांकडून छडा लागणाऱ्या गुन्ह्यांचं प्रमाण घसरलं होतं. देशभराचं बघा. एफबीआयच्या २०१९ च्या आकडेवारीत साध्या चोऱ्यांपैकी जेमतेम १८ टक्क्यांचा छडा लागला. या फक्त नोंदवलेल्या चोऱ्या; दुकानदाराने कंटाळून फोनच केला नाही त्या यात नाहीतच. शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांपर्यंत कायदा पोहोचतच नसेल तर उरलेल्यांना सहा महिने द्या नाहीतर सहा वर्षं, चोरी करायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात तो हिशेब येणार नाही.

मोठ्या कंपन्यांच्या ओरड्याबद्दलही तुम्ही लिहिलंत. तिथे मात्र सावध राहायला हवं. नॅशनल रिटेल फेडरेशन या दुकानदार कंपन्यांच्या संघटनेने २०२३ च्या एका अहवालात म्हटलं होतं की २०२१ मधल्या मालाच्या ९४.५ अब्ज डॉलरच्या तुटीपैकी जवळपास निम्मी संघटित टोळ्यांच्या चोरीमुळे होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांना ते विधान मागे घ्यावं लागलं. त्या तुटीत चुकीच्या नोंदी आणि आतल्या माणसांनी केलेल्या चोऱ्याही असतात. छोट्या दुकानदाराचं दुखणं खरं आहे म्हणून मोठ्यांनी फुगवलेला आकडा खरा ठरत नाही. उलट असा आकडा उघडा पडला की तुमच्या मेहुण्यांच्या तक्रारीवरही लोक शंका घेऊ लागतात.

तुम्ही विचारलंत, '२०१४ मध्ये लोकांना एवढी कसली दया आली होती?' त्याचं उत्तर १९९४ च्या 'थ्री स्ट्राइक्स' कायद्यात आहे. त्या कायद्याखाली कॅलिफोर्नियात एका माणसाला दोन दुकानांतून मिळून नऊ व्हिडिओ कॅसेट चोरल्याबद्दल किमान ५० वर्षांची, जन्मठेपेपर्यंतची शिक्षा झाली. कॅसेटची एकूण किंमत दीडशे डॉलरच्या आसपास होती. दुसऱ्याला गोल्फच्या तीन काठ्यांसाठी २५ वर्षं ते जन्मठेप. २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही शिक्षा कायम ठेवल्या, ५ विरुद्ध ४ मतांनी. दोघांवर आधीचे गुन्हे होते हे मान्य. तरीही त्या माणसाची आणि त्या कॅसेटची बेरीज माझ्या मनात आजही जुळत नाही. मग तुरुंग इतके भरले की २०११ मध्ये त्याच न्यायालयाला राज्याला सांगावं लागलं, कैद्यांची संख्या तुरुंगांच्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणा. ४७ ला सुमारे ६० टक्के मतं पडली त्यामागे हे सगळं होतं. त्या मतदारांना तुम्ही भाबडे म्हणू नका. त्यांनी ते तुरुंग पाहिले होते.

आता प्रस्ताव ३६. त्याला ६८ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोत डीए चेसा बुदीन यांना २०२२ मध्ये मतदारांनी मुदत संपण्याआधीच पदावरून काढलं, लॉस एंजेलिसमध्ये ४७ च्या शिल्पकारांपैकी एक असलेले डीए जॉर्ज गॅस्कॉन २०२४ मध्ये हरले. लोकांचा कौल स्पष्ट आहे आणि मी तो नाकारत नाही. पण ३६ ने काय केलं ते कलम वाचून बघा. चोरीबद्दल आधी दोनदा दोषी ठरलेल्या माणसाने तिसऱ्यांदा चोरी केली तर, रक्कम कितीही असो, फेलनी लावता येते. तिसऱ्यांदा सापडण्यासाठी तो आधी दोनदा दोषी ठरलेला असायला हवा ना? आणि ते दोन्ही खटले त्याच किरकोळ गुन्ह्यांच्या कोर्टात चालणार, जिथे चोर तारखेला येत नाही, वॉरंट निघतं, ते पडून राहतं, आणि दुकानदार साक्षीसाठी दुकान बंद ठेवून यायला तयार नसतो. पहिल्या दोन चोऱ्यांची दखल घेणारी यंत्रणा उभी केल्याशिवाय तिसऱ्या चोरीवर कडक होता येत नाही. तुमच्या मेहुण्यांच्या दुकानातला तो रोजचा चेहरा एकदाही दोषी ठरलेला नसेल, तर ३६ मधलं तिसऱ्या चोरीचं हे कलम त्याला आज हातही लावू शकत नाही.

आणि ज्या बदलाने फरक पडू शकतो त्यावर कुणी मोर्चा काढला नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी चोरीविषयक विधेयकांचा एक गठ्ठा मंजूर केला. त्यातल्या एकामुळे २०२५ पासून दुकानातल्या चोरीपुरता तो जुना 'डोळ्यांदेखत'चा नियम सैल झाला. साक्षीदाराचं शपथेवरचं निवेदन किंवा कॅमेऱ्याचं फुटेज यांच्या आधारे पोलीस आता स्वतः अटक करू शकतो. मेहुण्यांना हे जरूर सांगा. पोलीस आला की फुटेज तयार ठेवायचं, निवेदन लिहून द्यायचं, आणि त्याने 'मी पाहिलं नाही' म्हटलं तर हा नवा कायदा त्याच्यापुढे ठेवायचा.

तुम्ही म्हणाल, शिक्षा कडक केली की यंत्रणा आपोआप हलते. इतिहास नेमकं उलटं सांगतो. १६९९ च्या इंग्लंडच्या कायद्यात दुकानातून पाच शिलिंगांचा माल चोरला तर फाशी होती. ज्यूरी काय करत असे? मालाची किंमत चार शिलिंग दहा पेन्स ठरवायची आणि माणसाचा जीव वाचवायचा. खुद्द फिर्यादीही मागे हटत, कारण एका कापडाच्या तुकड्यासाठी कुणाला फासावर चढवण्याचं पाप त्यांना नको असे. कापड धुऊन वाळवण्याच्या उघड्या मैदानांवरून माल चोरीला जायचा, त्या कारखान्यांच्या मालकांनी १८११ मध्ये संसदेकडे अर्ज केले की आमच्या मालाच्या चोरीची फाशी रद्द करा. ज्यांचा माल जात होता त्यांनीच शिक्षा कमी करून मागितली, कारण कमी शिक्षा असेल तरच ती होईल हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. फाशीच्या शिक्षा कमी करू पाहणारे खासदार सॅम्युअल रोमिली यांचं तसं विधेयक मंजूर झालं. दुकानांपुरतं तसंच विधेयक मात्र आदल्या वर्षी लॉर्डसभेने फेटाळलं होतं. कापड मालकांचा हा अर्ज मला या सगळ्या वादातला सर्वांत शहाणा कागद वाटतो, आणि तो दया म्हणून लिहिलेला नव्हता.

तुम्ही बॉस्टनच्या अभ्यासाची खिल्ली उडवलीत, त्यावरही सांगतो. बॉस्टन ज्यात येतं त्या सफोक काउंटीतल्या हजारो किरकोळ केसेसच्या त्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांच्यावर खटला भरावा की नाही अशी काठावरची स्थिती होती, त्यांच्यावर तो न भरल्यास पुढच्या दोन वर्षांत नव्या गुन्ह्याची शक्यता निम्म्याहून अधिक घटली. सगळ्यात मोठा फरक पहिल्यांदाच सापडलेल्यांमध्ये होता. याचा अर्थ चोराला मोकळं सोडा असा मी घेत नाही. मी असा घेतो की पहिल्यांदा सापडलेल्या पोराच्या नावावर गुन्ह्याचा कायमचा शिक्का बसवू नका, कारण त्याने त्याची नोकरी जाते आणि पुढची चोरी जवळ येते. पण त्याच आठवड्यात त्याला बोलवा, पैसे भरून घ्या, दुकानदारासमोर बसवा, त्या दुकानात पाय ठेवायची मनाई करा. आणि नोंद ठेवा, म्हणजे दुसऱ्या वेळी 'पहिल्यांदाच झालं' म्हणायची सोय राहणार नाही. हे डीएच्या ऑफिसात बसून घोषणा करण्याइतकं सोपं नाही. याला माणसं लागतात, पैसा लागतो. ४७ मुळे तुरुंगांवरचा जो खर्च वाचत होता तो व्यसनमुक्ती, मानसिक उपचार अशा कामांकडे जात होता; ३६ मुळे ती बचत घटेल हे मतदारांच्या पुस्तिकेतच छापलेलं होतं.

तर तुमचा प्रश्न. मी ३६ ला मत दिलं नाही. त्यात एक तरतूद अशी होती की एकाच माणसाच्या वेगवेगळ्या चोऱ्यांची रक्कम एकत्र धरून ९५० ची मर्यादा मोजावी. ती एकटी मतदानाला आली असती तर मी डोळे झाकून 'हो' म्हटलं असतं, कारण दररोज ८०० डॉलरचा माल मोजून नेणारा माणूस गरजेपोटी चोरी करत नाही. पण तिसऱ्या वेळच्या फेलनीबरोबर आणि अमली पदार्थांच्या कलमांबरोबर ती एका गठ्ठ्यात बांधून आली, आणि पहिल्या दोन वेळांसाठी नवा पैसा कुठेच नव्हता. मेहुण्यांनी नव्या नियमाप्रमाणे निवेदन दिल्यावर पोलिसांनी काय केलं, ते मला नक्की कळवा. त्यांची हरकत नसेल तर दुकानाचं नाव न घेता पुढचा लेख त्यावरच लिहीन.