जीव रानात, लक्ष गॅसवर

जूनमध्ये मला घरात बसवत नाही आणि बाहेर पडलं की बाहेरही चैन पडत नाही, हा माझा जुना आजार आहे. यावर औषध नसणारच, आणि असलंच तर ते कुठल्यातरी डोंगरावर उगवत असणार आणि दोनदा उकडून पाणी फेकल्याशिवाय पोटात घेता येत नसणार.

लोक पावसाळ्यात माळशेजला जातात ते धबधब्याखाली उभं राहून रील काढायला. मी जाते भाजीला. खरोखरची भाजी आणायला, कापडी पिशवी घेऊन. शेवळं, फोडशी, टाकळा, कुर्डू, भारंगी, मग श्रावणाच्या तोंडावर करटोली. कोणी पेरली नाही, कोणी खत घातलं नाही, पाऊस पडला म्हणून आपली आपण उगवली अशी भाजी स्वतः जाऊन खुडून आणायची या कल्पनेनंच मला इतकं भारी वाटतं की मे संपत आला की ऑफिसात माझं अर्धं लक्ष खिडकीबाहेरच्या ढगांकडे असतं. नवऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याचा दरवर्षी एकच प्रश्न, "अगं पण हीच भाजी खाली स्टेशनबाहेर मिळते ना?"

मिळते. दुखणं तेच आहे. पहिला पाऊस झाला की मुरबाड, शहापूर, कसाऱ्याकडच्या बायका पहाटेच पाट्या घेऊन निघतात आणि कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या फुटपाथवर वाटे लावून बसतात. म्हणजे ती बाई भाजी घेऊन मुरबाडहून इकडे येते, मी तीच भाजी आणायला इकडून मुरबाडला जाते, आणि बहुतेक कल्याणच्या एसटी डेपोत आम्ही एकमेकींच्या शेजारून जातो, ती उतरतेय आणि मी चढतेय. यावर मी नवऱ्याला उत्क्रांतीचं लेक्चर देते, की बाबा रे, माणूस शेती करायला लागून जेमतेम १०-१२ हजार वर्षं झालीत, त्याच्याआधी लाखो वर्षं आपण हेच करत होतो, फिरायचं आणि सापडेल ते खायचं, हे आपल्या रक्तात आहे. तो म्हणतो, "हो, पण त्यांना सोमवारी ऑफिस नव्हतं, आणि त्यांची आई त्यांना बीपीची गोळी कुठे ठेवलीय ते विचारत नव्हती."

तर बीपीची गोळी. घर सोडायचं म्हटलं की घर असं काही चिकटतं की विचारू नका. एरवी दिवसभर त्या घरात माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, पण मी सॅक भरायला घेतली की प्रत्येक वस्तूला माझी गरज पडते. दूध उतू जायला टेकतं, मशीनमधले कपडे ओलेच राहतात, सिलेंडर संपत आल्याचा संशय येतो. सगळं निस्तरून पहाटेची गाडी पकडते, पुढे एसटीत खिडकी मिळते, बाहेर हिरवंगार वगैरे आणि मी विचार करत असते की गॅस बंद केला का. केलेला असतो. तरी टोकावडे येईपर्यंत मी मनातल्या मनात चार वेळा स्वयंपाकघरात जाऊन येते. धनगरांचं मला फार पटतं, दिवाळीनंतर कोकणात उतरतात ते घोड्यावर अख्खा संसार लादून, भांडी, कोंबड्या, कधीकधी वर बसलेलं पोरगंसुद्धा, मागे राहिलेल्या गॅसची चिंता करायला मागे काही ठेवतच नाहीत.

यावेळी तर हद्द झाली. घाटाच्या बाजूला रेंज जाते हे मला माहितीये, त्या रेंजच्या शेवटच्या काडीवर नवऱ्याचा मेसेज आला, "कुकरची शिट्टी कुठाय?" आणि रेंज गेली. म्हणजे मला प्रश्न पोचला आणि उत्तर देता येईना. समोर सगळा डोंगर ढगात गेलेला, ओढे वाहतायत, आणि माझ्या डोक्यात काय, तर शिट्टी. ओट्यावर असेल, नाहीतर घासलेल्या भांड्यांच्या टोपलीत तळाशी, नाहीतर रबर बदलायला काढलं होतं तेव्हा ड्रॉवरमध्ये. दिवसभर माझ्या आत ती शिट्टी वाजत होती.

रानात माझी गुरू म्हणजे तिथल्या कातकरी वाडीवरच्या एक मावशी. मी त्यांच्या मागे मागे जाते कारण माझ्या डोळ्यांना सगळं हिरवं सारखंच दिसतं. टाकळा मला येतो, मेथीसारखी पानं, रात्री मिटतात, आणि तो काय रस्त्याकडेला पण माजतो. पण फोडशी म्हणजे परीक्षा आहे. ती गवतासारखी दिसते आणि गवतातच उगवते. मावशी चालता चालता दाखवत जातात, "ह्ये गवात. ह्ये पन गवात. ही फोडशी." मी वाकून बघते, मला तिन्ही एकच. भिंतीभिंतीवर ज्या सफेद मुसळीच्या जाहिराती रंगवलेल्या असतात ना पुरुषांसाठी, त्याच कुळातली ही, पण भाजी म्हणून अगदी साधी, मूगडाळ आणि लसूण घालून करतात, भिंतीवर लिहिलंय तसं काही होत नाही, आमच्या घरी तरी.

शेवळं मात्र बघण्यासारखी असतात. पानांच्याही आधी जमिनीतून नुसता दांडा वर येतो, तपकिरी-जांभळट, टोकदार, झुडपाखाली लपून. मावशी बुडाशी बोट घालून अलगद खुडतात, खालच्या कंदाला धक्का लावत नाहीत, तो राहिला तर पुढच्या वर्षी परत. मी हात घालायला गेले तर म्हणाल्या, "तुमी पिशवी धरा." तसं कायद्यानंही माझी लायकी तेवढीच आहे, कारण २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून रानात मिळणारा भाजीपाला-फळं वगैरे, गोळा करायचा हक्क दिलाय तो पिढ्यान् पिढ्या तिथे राहणाऱ्यांना, डोंबिवलीहून रविवारी येणाऱ्यांना नाही. अभयारण्यात तर बोलूच नका.

चालता चालता मी मावशींना माझं दुःख सांगितलं, की मला घरात करमत नाही, सारखं वाटतं बाहेर पडावं. त्या म्हणाल्या, "आमाला तर आत्ता कुठं घर गावलं." दिवाळीनंतर सगळं घर वीटभट्टीवर जातं, मालकानं दिलेल्या उचलीपायी, नवरा, पोरं, म्हातारी सगळी, आणि पावसाच्या तोंडावर परत. म्हणजे ही शेवळं उगवतात ते यांच्या घरी यायचे दिवस. मी ज्याला प्रवास म्हणत होते तो यांचा परसदार होता, आणि यांच्या भटकंतीला मी काही नावच दिलं नव्हतं. मी जरा वेळ गप्प बसले. मावशींना त्याचं काही नव्हतं, त्या म्हणाल्या, "बाई, पिशवी वाकडी झालीया, भाजी सांडंल."

ओढ्यावर दोन पोरं मासे धरत होती, चढणीचे. पहिल्या पुराला मासे प्रवाहाच्या उलटे वर चढतात, अंडी घालायला, आणि तेव्हाच त्यांना धरतात. पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बाईला एसटी स्टँडवरच गाठावं तसं आहे हे. अंड्यांनी भरलेले मासे संपवले तर पुढे धरणार काय, असं मी त्या पोरांना विचारणार होते, पण त्यांनी मला आधी विचारलं, "ताई, तुमचा बूट वाहत चाललाय का तो?" माझाच होता.

तीन वाजले की माझ्या सगळ्या हौशीचं पाणी होतं. मोजे चिप्प ओले, पोटात आग, आणि कमाल बघा, आजूबाजूला एवढं खाद्य पसरलेलं असताना त्यातलं एकही तोंडात टाकता येत नाही. मला वाटायचं रान म्हणजे मोकळेपणा, चूल नाही, भांडी नाही. प्रत्यक्षात जेवढी भाजी फुकट तेवढं तिला घर जास्त लागतं. शेवळं कच्ची खाल्ली तर घसा असा खाजतो की बोलता येत नाही, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. कडूकंद आदिवासी लोक उकडून टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवतात, तेव्हा कुठे त्याचा कडूपणा जातो. जंगलातली मोकळीढाकळी वस्तू शेवटी पातेलं, पळी, झाकण आणि एक म्हातारी बाई मागतेच.

माझ्याकडे ती आहे. रात्री चिखलासकट दारात उभी राहिले तर सासूबाईंनी आधी पिशवीत डोकावलं, मग माझ्याकडे बघितलं. "काकडं आणलीस?"

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, काकडं म्हणजे काकड नावाच्या झाडाची आंबट फळं, ती ठेचून त्यांचा रस घातला की शेवळांची खाज मरते.

"आई, झाड उंच होतं, खालची सगळी माकडांनी नेली होती."

"मग माकडांनाच शेवळं पण देऊन यायची."

नवऱ्याला विचारलं, शिट्टी सापडली का. तो म्हणाला, "कसली शिट्टी?" त्यानं दुपारी बाहेरून थाळी मागवली होती.

पुढचा दीड तास तो स्टेशनबाहेर काकडं शोधत होता, छत्री घेऊन, आणि मी हाताला तेल चोपडून शेवळं निवडत होते. वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा कारण खरा खाजरा तोच, उरलेलं बारीक चिरायचं, आणि हे करताना चुकूनही नाकाला हात लावायचा नाही. नाक नेमकं त्याच वेळी खाजतं. मग फोडशी. एकेक पात उघडून मधला कडक पांढरा दांडा ओढून काढायचा, बुडाची माती धुवायची, परत धुवायची, ती परत निघते. डोंगरभर फिरून भरलेली पिशवी शिजून वाटीभर होते, हा पालेभाजीचा जुना दगा आहे.

नवरा काकडं घेऊन आला आणि सोबत फोडशीची एक जुडी पण घेऊन आला, स्वच्छ निवडलेली. "ती म्हणाली, निवडून देते, घेऊन जा." एवढंच बोलला. माणसानं इतकं कमी बोलून इतकं जास्त बोलू नये. त्याला काय म्हणायचं म्हणून मी करटोलीचा विषय काढला, की करटोलीचे नर वेल वेगळे आणि मादी वेल वेगळे असतात, फळ धरतं ते मादीला, नर नुसता फुलून बसतो. सासूबाई लेकाकडे बघून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

भाजी मात्र झाली. खाज नव्हती. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि घास मोडत सहज विचारल्यासारखं विचारलं, "वास्ते मिळतात का गं तुझ्या त्या मावशींकडे, पुढच्या महिन्यात?"

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. मी उडालेच. म्हटलं, मिळतात ना आई, आणते की, पुढच्या महिन्यात जाते. नवऱ्यानं ताटातून मान वर केली नाही.

"पण नुसते आणून चालत नाही हो," त्या म्हणाल्या, "वास्ते चिरून पाण्यात ठेवायचे, सारखं पाणी बदलायचं, मग उकडून तेही पाणी ओतून टाकायचं, विषारी असतात नाहीतर. शुक्रवारी आपल्याकडे पाण्याचा खाडा असतो. तेव्हा गुरुवारी नको. शनिवारी जा, आणि जायच्या आधी बाल्कनीतलं ते निळं पिंप भरून ठेव."

हात धुऊन मी लिफ्टजवळची नोटीस बघायला गेले. पुढच्या महिन्यातल्या सगळ्या शनिवारी सोसायटीची टाकी धुणार आहेत.