'डिपॉझिट' नव्हे, इसार!

मावसबहिणीने परवा एक फिरता मेसेज मला धाडला. 'स्पेनमधला करार इंग्रजीत करायला भाषांतरकारावर पैसे घालवू नका. शब्द इंग्रजीसारखेच असतात. फोटो काढा, ॲप करून देतं. आर्रास म्हणजे डिपॉझिट, व्यवहार फिसकटला तर परत मिळतं. नोतारियो म्हणजे आपला नोटरी.' खाली तिचा प्रश्न: "बरोबर आहे ना गं? चिनू शुक्रवारी सही करतोय."

चिनू तिचा मुलगा, व्हॅलेन्सियात २,४०,००० युरोंचा फ्लॅट घेतोय. आर्रास, म्हणजे सौदा ठरताना आधी द्यायची रक्कम, दहा टक्के. म्हणजे २४,००० युरो 'परत मिळतं' या दोन शब्दांवर टांगलेले!

आर्रास परत मिळत नाही. स्पेनच्या १८८९च्या दिवाणी संहितेचं कलम १४५४ उघडा. खरेदीदार मागे फिरला तर आर्रास बुडते, विकणारा फिरला तर त्याने दुप्पट द्यायची. आपल्याकडे याला इसार म्हणतात. इसारपावती केलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळेल, 'डिपॉझिट' वाचणाऱ्या इंजिनिअरला कळत नाही. कारण डिपॉझिट म्हटलं की आपल्याला घरभाड्याचं आठवतं.

आणि हेही फक्त 'पेनितेन्सियालेस', म्हणजे मागे फिरायची मुभा देणाऱ्या आर्रासचं. 'कॉन्फिर्मातोरियास', म्हणजे करार पक्का करणारी असेल तर पैसे सोडूनही सुटका नाही. विकणारा करार पुरा करा म्हणून कोर्टात जाऊ शकतो. तिसरा प्रकार 'पेनालेस', दंडाचा. करारात स्पष्ट लिहिलं नसेल तर तिथली कोर्टं पहिला प्रकार सहसा गृहीत धरत नाहीत. चिनूने ॲपचं भाषांतर पाठवलं. त्यात नुसतं 'डिपॉझिट', विशेषण गायब. मूळ कागद मागवला, तर तिसऱ्या परिच्छेदात 'कॉन्फिर्मातोरियास'.

शब्द इंग्रजीसारखे दिसतात हे खरं, गोची तिथेच आहे. 'रेसोलुसिओन'चं रेझोल्यूशन केलं की वाटतं, भांडण मिटवायचं कलम असेल. प्रत्यक्षात समोरच्याने शब्द मोडला म्हणून करार संपवणं. 'सेन्तेन्सिया' म्हणजे शिक्षा नव्हे, कोर्टाचा निकाल.

नोतारियोबद्दल काय बोलायचं! कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्का मारणारा माणूस डोळ्यांसमोर आणू नका. तो अवघड स्पर्धा परीक्षेतून आलेला, सरकारने नेमलेला अधिकारी. घराचं खरेदीखत, 'एस्क्रितुरा', त्याच्यासमोर होतं. गोव्यात ज्यांच्या ट्रंकेत पोर्तुगीज काळातले कागद आहेत, त्यांना हा शब्द नवा नाही.

ॲप अगदीच टाकाऊ आहे असं नाही. तारखा, रकमा, कोण कुणाला काय देणार, एवढं समजतं. भाड्याच्या घराची 'फियान्सा' खरोखरच डिपॉझिट असते, राहत्या घराला कायद्याने एक महिन्याच्या भाड्याइतकी. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तेवढंच पाहिलं असावं.

बहिणीला लिहिलं: "शुक्रवारची सही पुढे ढकलायला सांग. बँकेने कर्ज नाकारलं तर आर्रास परत, असं कलम आधी घालून घेऊ दे. आणि तो मेसेज पुढे पाठवला असशील तर आत्ता डिलीट कर."