गळतंय कुठून, बाई?

चारचौघांत सांगण्यासारखं नाही, पण मी पार्किंगमध्ये ओणवा होऊन फरशीवरचे डाग हुंगतो. शेजाऱ्यांना आता सवय झालीये, लहान मुलं मात्र अजून थांबून बघतात. काय करणार, गाडी जुनी आहे, आणि रात्रभरात तिने खाली काय टाकलंय ते कळल्याशिवाय सकाळी तिला बाहेर काढायची हिंमत होत नाही.

या विषयात आता माझा हात (म्हणजे नाक) कुणी धरणार नाही. इंजिन ऑइल काळपट, बोटाला बुळबुळीत. लालसर काही असेल तर बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नाहीतर पॉवर स्टिअरिंगचं. गिअर ऑइलला गंधकाचा असा काही भपकारा असतो की एकदा वास घेतला की जन्मभर चुकत नाही. कूलंट हिरवं नाहीतर गुलाबी, वास गोडूस, आणि तो गोडवा भलताच डेंजर, कारण बऱ्याच कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी, आणि कुत्री-मांजरं ते चाटतात, म्हणून ते दिसलं की आधी पुसायचं, शेरलॉकगिरी नंतर. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळट पातळ ओघळ दिसला तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो, तिथे गंमत संपली, गाडी जागची हलवायची नाही. आणि रंग नाही, वास नाही, चिकटपणाही नाही असं काही असेल तर मी तरीही पाच मिनिटं गंभीर चेहऱ्याने बोट चोळत बसतो, मग वरून बाल्कनीतून आवाज येतो, "अहो, एसीचं पाणी आहे ते, उठा आता."

पण काय गळतंय हे कळणं सोपं. कुठून गळतंय हा खरा छळ. कारण तेल जिथून निघतं तिथे टपकत नाही. ते निघतं वर, टॅपेट कव्हरच्या (म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून, मग इंजिनच्या अंगावरून सावकाश उतरतं, वाटेत एखादा ब्रॅकेट लागला की वळण घेतं, गाडी पळत असेल तर वाऱ्याने मागे गिअरबॉक्सवर उडतं, आणि शेवटी चेंबरच्या (खालच्या तेलाच्या टाकीच्या) ड्रेन बोल्टच्या, म्हणजे तेल काढायच्या बोल्टच्या, टोकावर येऊन थेंब होऊन लटकतं. मग खाली वाकून बघणारा प्रत्येक माणूस ठामपणे सांगतो की बोल्ट लीक आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी. आमच्या त्या ड्रेन बोल्टचं वॉशर इतक्या वेळा बदललंय की गाडीत नवीन म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू आहे.

दुसरा लाडका उपाय म्हणजे "टाईट करून देतो". टॅपेट कव्हरचे बोल्ट नाजूक कामाचे, पण भीमाने दुर्योधनाची मांडी फोडावी तसा जोर लावतात लोक, त्याने पॅकिंग चेपतं, कव्हर वाकतं आणि आधी पाझरत होतं ते मग वाहायला लागतं.

तेव्हा खरी पद्धत अशी की आधी इंजिन चकाचक धुवायचं, कारण वर्षानुवर्षांच्या चिकट काळ्या थरात नवा ओघळ कसा दिसणार. मग खाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चाकांच्या खुणा, म्हणजे थेंब नेमका कशाखाली पडला ते कळतं. तेवढ्यानेही नाही भागलं तर यूव्ही डाय, तो ऑइलमध्ये टाकायचा, गाडी फिरवून आणायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायचा, गळती हिरवट पिवळी चमकते. मी अंधारात बॉनेट उघडून टॉर्च लावला तर सगळ्यात आधी माझी शर्टाची बाही चमकली, कारण कपड्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी जे घालतात तेही यूव्हीत चमकतं. मग बाही दुमडून पुन्हा बघितलं तर चार वेगवेगळ्या जागा चमकत होत्या.

एकदम चार सील कसे जातील? तर इंजिनालाही श्वास सोडायला वाट लागते. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली निसटतोच, तो पीसीव्ही नावाच्या छोट्याशा व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा आत ओढतं त्या वाटेत, जातो. हा व्हॉल्व्ह काजळीने तुंबला की आत प्रेशर साचतं आणि जो सील सगळ्यात थकलेला असेल तिथून तेल बाहेर ढकललं जातं. तो सील बदला, तेल पुढच्याकडे जातं. हा व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवायचा, धड असेल तर आत खुळखुळ वाजतो. आमचा ढिम्म. अख्खी गाडी डॅशबोर्डपासून डिकीपर्यंत खडखडते, आणि ज्या एका पार्टने वाजणं अपेक्षित आहे तोच गप्प!

तो बदलला, ओघळ थांबले. पण या सगळ्या उघडझापेत दुसरंच प्रकरण सुरू झालं. या गाडीचा नियम असा आहे की जे आत राहायला हवं ते बाहेर येतं आणि जे बाहेर राहायला हवं ते आत जातं. हातातून दहाचा सॉकेट (बोल्टाच्या डोक्यावर बसवून तो फिरवायची दहा एमेमची टोपी) सुटतो, टण, टण, टुण असा आवाज येतो आणि मग काहीच नाही. फरशीवर पडल्याचा आवाज येतच नाही. सहा एमेमच्या बोल्टाचं डोकं साधारण दहाचं असतं आणि गाडीत ते बोल्ट जिकडेतिकडे, त्यामुळे सतत हातात असतो तोच आणि हरवतोही तोच. मॅग्नेटची काठी घालून फिरवली तर अंडरट्रेमधून माझ्या सॉकेटऐवजी कुणा जुन्या मेकॅनिकचा बाराचा सॉकेट, दोन गंजक्या क्लिपा आणि एक स्प्रिंग निघाली. स्प्रिंग कशाची ते विचारू नका, गाडी तिच्याशिवाय व्यवस्थित चालतीये.

आणि सगळं बसवून झाल्यावर एक बोल्ट उरला. लांबुळका, एका बाजूला घासलेला. मी तो दिसेल त्या भोकात लावून पाहिला, कुठे जाडीला बसेना, कुठे आटे जुळेनात. शेवटी मेकॅनिककडे नेला. त्याने तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, म्हणाला, "साहेब, हा तुमच्या गाडीचा नाहीच," आणि सरळ आपल्या डब्यात टाकायला निघाला. मी परत मागून घेतला. गाडीचा नसेल, पण गाडीतून निघालाय ना!