डोळे दाखवा, डोळे!

ओहोटीला वरळीच्या खडकांत एक दगड उलटला, तर खाली नखाएवढा राखाडी-हिरवट तारामासा. बुटक्या पाच भुजा. फोटोसाठी वाकलो, तेवढ्यात मागून आवाज आला, "प्लॅस्टिक आहे ते."

ट्रॅकपँटीतले एक काका. असे काका प्रत्येक किनाऱ्याला एक तरी असतातच, पालिका नेमत असावी.

"जिवंत आहे, काका. खालचे पाय हलतायत बघा."

"पाय सोडा. डोळे दाखवा, डोळे!"

"आहेत ना. प्रत्येक भुजेच्या टोकाला एक."

"म्हणजे पाच? पाच डोळे असून तुम्हाला सापडला?"

मी गप्प.

"मेंदू?"

"मेंदू नसतो."

"आमच्या सेक्रेटरीसारखा. खातो कसा मग?"

पोट तोंडातून बाहेर काढून अन्नावर पसरतो आणि तिथेच पचवतो, असं सांगितलं मात्र, काकांनी लगेच घरी फोन लावला. "अगं, इथे एकजण जेवायला पोट बाहेर काढून बसतो... नाही गं, भावोजी नाहीत!"

हे संभाषण लांबलं, पाणी चढायला लागलं. दगड होता तसा पालथा घालून परतलो. फोटोत तारा धूसर आणि काकांचा बूट स्वच्छ. ॲपला दाखवला. ताऱ्याला त्याने फूल ठरवलं, बूट कंपनीसकट ओळखला.

मग ही जात कोणती, असं तारामाशांच्या एका जाणकारांना विचारलं. म्हणाले, "तोंडाकडच्या बाजूचा फोटो हवा, अंगावरच्या एकेका कठीण तबकडीवरचे काटे मोजता येतील असा. भुजा सारख्या आहेत की लहानमोठ्या? काही जाती स्वतःचे दोन तुकडे करतात आणि उरलेल्या भुजा नव्याने उगवतात." बरं, यांचं घराणंही स्थिर नाही. पूर्वी ॲस्टेरिना म्हणवणाऱ्या कित्येक जातींची 2004 साली ॲक्विलोनास्ट्रा या नव्या प्रजातीत, म्हणजे जातींच्या गटात, बदली झाली. सूक्ष्मदर्शकाशिवाय त्यापुढे जाता येत नाही म्हणे. मी काटे मोजणार होतो की काकांना उत्तरं देणार होतो?

आणि नाव शोधायची ही घाई मला हौसेची नाही. कोस्टल रोडच्या भरावात या पट्ट्यातले काही खडक गेले. त्यातले प्रवाळ तेवढे उचलून दुसरीकडे नेले, कारण त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, कागदावर नाव आहे. दगडाखालच्या या नखभर प्राण्यासाठी अर्ज करायचा, तर 'नाव' या रकान्यात काय लिहू? फूल?

काका परवा कट्ट्यावर चार जणांना सांगत होते, तो त्यांनीच शोधला. डोळे आता आठ झालेत.